इंग्रजीत चिडायचा तास

शाळेतून निवृत्त झाल्यावर वर्षभर मी काहीच केलं नाही. तसं ठरवलंच होतं. डोंबिवलीतल्या एका मराठी शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं होतं, तेव्हा आता कोणी येऊन ‘हॅज’ आणि ‘हॅव’ विचारू नये, एवढीच इच्छा होती. पण वर्ष संपता संपता लक्षात आलं की घरात आम्ही दोघंच उरलो आहोत, आणि दोघांपैकी एकाला दिवसभर वर्तमानपत्र पुरतं, दुसरीला पुरत नाही. मुलगा नोकरीसाठी परगावी. त्यामुळे वरच्या मजल्यावरच्या आजी जेव्हा ‘मला नातवाशी बोलण्यापुरतं इंग्रजी शिकवाल का’ असं विचारत आल्या, तेव्हा मी आढेवेढे घेतले, पण थोडेच.

त्यांचा नातू ठाण्याला, बाळकुमच्या एका टॉवरमध्ये राहतो. त्याला मराठी समजतं, पण तो उत्तर इंग्रजीत देतो. आजींचं म्हणणं असं की प्रश्न मी विचारते आणि उत्तर कोणाला तरी दुसऱ्यालाच मिळतं. आजींनी त्यांच्या भजनातल्या दोघींना आणलं, त्यातल्या एकीने तिच्या भाचीला सांगितलं, दुसरीने शेजारणीला, आणि पंधरा दिवसांत आमच्या हॉलमध्ये दुपारी पाच बायका बसायला लागल्या. जेवणं उरकलेली असायची, ओटा पुसून झालेला असायचा, आणि मुलं शाळेत. गृहिणीला स्वतःसाठी मिळणारा तेवढाच काय तो वेळ.

ती भाची लोकलने, दिवा स्टेशनहून यायची. मी तिला मनात ‘दिव्याची’ म्हणायचे आणि इथेही तसंच म्हणणार आहे. नाव लिहिलं तर तिच्या सासूपर्यंत जाईल, आणि सासूबद्दल पुढे बरंच यायचं आहे. तिशीतली, सडपातळ, माहेर-सासर दोन्ही राजापूरकडचं. नवरा भिवंडीच्या एका गोदामात. दिव्याला दोन खोल्या, त्यात नवरा, सासू आणि दुसरीतली मुलगी. मुलीला त्यांनी ओढूनताणून डोंबिवलीच्या इंग्रजी शाळेत घातलेलं. दुपारची शाळा. मुलगी बसमध्ये बसली की ही स्टेशनवर.

मी रीतसर सुरुवात केली. स्वतःची ओळख करून देणे, बँकेत, डॉक्टरकडे, भाजी घेताना. (डोंबिवलीत इंग्रजीतून भाजी कोण घेतं, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.) बायका मान डोलवत होत्या, वहीत लिहून घेत होत्या. पहिला आठवडा संपला तेव्हा दिव्याचीने विचारलं, “मॅडम, चिडायचं कधी शिकवणार?”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

ती म्हणाली, नाही, खरंच. मग तिने शाळेतली गोष्ट सांगितली. पालकसभेला सगळ्या आया गेटपाशी उभ्या होत्या. बाई येईनात. एका आईने घड्याळाकडे बघून इंग्रजीत काहीतरी म्हटलं. छोटंसंच, दोन-तीन शब्द. तर शिपाई धावत आत गेला आणि बाईंना घेऊनच आला. त्याआधी दिव्याची त्याच शिपायाला ‘अजून किती वेळ हो?’ म्हणाली होती. त्यावर त्याने तिला सांगितलं होतं, ताई, भांडू नका.

“मी भांडत नव्हते, मॅडम. मी फक्त वैतागले होते. पण मराठीत वैतागलं की भांडण होतं.”

घरीही तेच. दिव्याला पाण्याची बोंब. टँकर कधीही येतो, आणि आला की हातातलं सगळं टाकून हंडे घेऊन खाली पळायचं. एकदा ही नुकती भाकरी थापत होती आणि खालून आरोळी आली. हिच्या तोंडून ‘काय वैताग आहे’ निघालं. सासू आत जपमाळ घेऊन बसलेली. तिने माळ ठेवली. म्हणाली, “वैताग कोणाचो गो? माझोच मां?” त्यानंतर दोन दिवस सासूने हिच्या हातचं खाल्लं नाही. बेकरीतले कडक बटर चहात बुडवून खाऊन राहिली आणि शेजारणींना सांगितलं की पोट बरं नाही. सांगितलं अशा आवाजात की पोटाचं कारण सगळ्यांना कळावं.

बाकीच्या चौघी हसल्या, पण मग एकदम प्रत्येकीला काही ना काही आठवायला लागलं. वरच्या आजी म्हणाल्या, माझी सून दिवसातून शंभरदा ‘ओ गॉड’ म्हणते आणि मी एकदाही मनाला लावून घेतलं नाही, हे आत्ता लक्षात येतंय. तेच ती ‘अरे देवा’ म्हणाली असती तर मी विचारलं असतं, काय झालं, माझं काही चुकलं का?

मी म्हटलं, बघते. आणि खरोखर अडचणीत आले. इतकी वर्षं इंग्रजी शिकवलं, पण मी स्वतः इंग्रजीत कधी चिडलेच नव्हते. व्याकरणाच्या पुस्तकात उद्गारवाचक शब्दांचा धडा असायचा. त्यात कोणी सामना जिंकला की ‘हुर्रे’ आणि कोणी मेलं की ‘अलास’. जिंकणं आणि मरणं यांच्यामध्ये माणसाला काही होतं, याचा त्या पुस्तकाला पत्ता नव्हता. वर्गात मी चिडायचे ते शुद्ध मराठीत. इंग्रजीच्या तासाला ‘गाढवांनो’ म्हणायचे आणि मग पुन्हा फळ्याकडे वळून पुढचं वाक्य इंग्रजीत लिहायचे.

घरात विचारण्यासारखा एकच माणूस होता. आमच्या ह्यांनी सगळी नोकरी ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत केली. तिथे त्यांचा पहिला साहेब फार इंग्रजी होता, म्हणजे माणूस आपलाच, पण चिडायचा इंग्रजीत. त्याच्याकडून ह्यांनी एक शब्द उचलला तो ‘नॉनसेन्स’. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात मी तो ऐकला आणि दचकले. नंतर कळलं की तो मला उद्देशून नव्हता, किंवा असला तरी तसं सिद्ध करता येत नव्हतं. वर्तमानपत्र उघडलं की नॉनसेन्स. टीव्ही लावला की नॉनसेन्स. भाजीवाल्याने कोथिंबीर दिली नाही, दाराची बेल वाजली, ढग आले, ढग गेले, सगळ्याला एकच शब्द. तो हवेत सोडून दिलेला असायचा आणि घरातलं कोणी तो उचलायला जात नसे. मुलगाही लहानपणापासून त्याला पंख्याच्या आवाजासारखा सरावला होता.

मी त्यांना विचारलं, तुमच्या ऑफिसात लोक आणखी काय म्हणायचे? त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. प्रश्न त्यांना आवडला होता. बराच वेळ विचार करून ते म्हणाले, “ब्लडी.”

मी म्हटलं, ती शिवी आहे.

“सगळे म्हणायचे.”

“बायकांसमोर?”

त्यांनी पुन्हा विचार केला. “बायका नव्हत्याच,” म्हणाले.

मग मुलाला फोन केला. तो आधी खूप हसला. म्हणाला, आई, आता सगळे एकच शब्द म्हणतात आणि तो मी तुला सांगू शकत नाही. मी म्हटलं, जो आईला सांगता येईल असा सांग. त्याने चार-पाच सांगितले, पण प्रत्येक शब्दापाठोपाठ ‘हे आता कोणी बोलत नाही’ असंही सांगितलं. मला चालणार होतं. आमच्या वर्गातल्या बायकांना आता कोणी बोलत नाही अशा बऱ्याच गोष्टींची सवय होती.

दुसऱ्या दिवशी मी ते शब्द फळ्यावर लिहिले. आमच्याकडे फळा म्हणजे मुलाचा लहानपणीचा, माळ्यावरून काढलेला. ओह नो. गुडनेस. गुड ग्रीफ. ब्लास्ट. बॉदर. ओह शूट. फॉर हेवन्स सेक. बायका पुढे झुकून, कासाराकडे बांगड्या बघाव्यात तसे बघायला लागल्या. ‘ब्लास्ट’ सगळ्यांनी एकमताने नाकारला, डोंबिवलीच्या एमआयडीसीत राहणाऱ्या, तिथल्या कारखान्याचा स्फोट ऐकलेल्या बाईंनी तर कानावर हात ठेवले. ‘शूट’ म्हणजे गोळी घाल, तेही नको. ‘बॉदर’ एकीला बॉर्डरसारखा वाटला आणि साडीला बॉर्डर कशी, यावर पाच मिनिटं गेली. वरच्या आजींनी ‘गुड ग्रीफ’ घेतला. ‘चांगलं दुःख’ असा त्याचा अर्थ त्यांनी स्वतःच लावला आणि तो त्यांना फार पटला. दिव्याचीने मात्र सगळ्यात लांब असलेला उचलला. फॉर हेवन्स सेक. तिच्या तोंडी तो ‘फॉरेवन सेक’ व्हायचा, पण वजन बरोबर यायचं.

शब्द सोपे होते. चिडणं अवघड होतं. एकेकीला उभं करून म्हणायला लावलं की ती पदर सावरून, हसून म्हणायची. हसत हसत चिडता येत नाही हे मला त्यांना समजावून सांगावं लागलं. शेवटी मी म्हटलं, डोळे मिटा आणि ज्याने तुम्हाला काल त्रास दिला त्याला समोर आणा. पाचही जणींनी डोळे मिटले. मग पहिल्यांदा आजींनी, मग बाकीच्यांनी, आणि सगळ्यांवर कडी करून दिव्याचीने असा काही आवाज लावला की बेडरूमचं दार उघडलं आणि आमचे हे बनियनवर बाहेर आले. त्यांना वाटलं भांडण लागलं. पाच बायका डोळे मिटून इंग्रजीत ओरडताहेत हे बघून त्यांनी दार पुन्हा लावून घेतलं, आणि दाराआडून त्यांचा तो शब्द ऐकू आला.

आठवड्याभरात निकाल यायला लागले. आजींचा वाईट लागला. त्या रविवारी बाळकुमला गेल्या, नातवाने दुधाचा ग्लास सांडला, आजी ‘गुड ग्रीफ’ म्हणाल्या. नातू म्हणाला, आजी, नोबडी सेज दॅट. एवढं एक वाक्य बोलून तो पुन्हा मोबाइलमध्ये गेला. पण आजींना तेही कमी वाटलं नाही. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, त्याने आपणहून उच्चारलेलं ते महिन्यातलं पहिलं वाक्य होतं.

दिव्याचीचं प्रकरण वेगळं झालं. टँकर आला, हिने परात बाजूला सारली आणि म्हणाली, फॉरेवन सेक. सासूने जप थांबवून विचारलं, काय म्हणालंस गो? हिची घाबरगुंडी उडाली. मी वर्गात अर्थ सांगितला होता, तो तिने जसा आठवला तसा सांगून टाकला. म्हणाली, आई, ते देवाधर्माचं आहे. स्वर्गासाठी, असा अर्थ आहे. सासूने मान हलवली आणि जप पुढे चालू केला. संध्याकाळी तिने मजल्यावर सांगितलं की आमची सून आताशा कामाला हात लावण्यापूर्वी इंग्रजीत देवाचं नाव घेते.

त्यानंतर तिला रान मोकळं झालं. भांडी पडली, गॅस संपला, नवऱ्याने ओला टॉवेल गादीवर टाकला, की स्वर्गासाठी. सासू दर वेळी कौतुकाने बघायची. एकदा तर सासूवरच चिडून म्हणाली, तरी सासूने हात जोडले. हे तिने आम्हाला सांगितलं तेव्हा एमआयडीसीतल्या बाई डोळे पुसत हसल्या. मीही हसले, पण मला मधूनच त्या सासूची काळजी वाटत होती. तिला कधी कळलं तर ती किती दिवस बटर खाईल?

थंडीच्या दिवसांत बसचा प्रश्न आला. दिव्यात रस्त्याचं काहीतरी काम निघालं आणि शाळेची बस रेल्वे फाटकाच्या अलीकडे यायचीच बंद झाली. मुलांना पलीकडच्या बाजूला सोडायला लागली. संध्याकाळी फाटकाशी केवढी गर्दी, अंधार पडलेला, रिक्षा, हातगाड्या, आणि त्यातून सात वर्षांच्या मुलीला आणायला हिला रोज स्वयंपाक सोडून जावं लागे. काम संपलं, रस्ता मोकळा झाला, तरी बस पलीकडेच. ही शाळेत बसचं बघणाऱ्या गृहस्थांकडे जाऊन आली. ते म्हणाले, बघू. पुन्हा गेली. पुन्हा बघू.

तिसऱ्या खेपेला ती आमच्या वर्गातून उठून थेट तिकडे गेली. पुढच्या मंगळवारी तिने तो प्रसंग आम्हाला उभं राहून करून दाखवला. ते गृहस्थ कॉम्प्युटरकडे बघत बसले होते. हिने मराठीत विचारलं, बसचं काय झालं? त्यांनी नजर न उचलता तोंड उघडलं. आता पुन्हा बघू म्हणणार, असं वाटून ही त्यांच्या आधीच म्हणाली, “फॉरेवन सेक.”

त्यांनी वर बघितलं. मग इंग्रजीत बोलायला लागले.

“मला एक अक्षर कळलं नाही, मॅडम. पण आता मागे कसं फिरणार?” म्हणून ती म्हणाली, गुडनेस. ते आणखी बोलले. या वेळी हातही हलवायला लागले, कागदावर रस्ता काढून दाखवायला लागले. ही म्हणाली, ओह नो. त्यांनी खुर्ची दिली. पाणी मागवलं. ही बसली, पाणी प्यायली, आणि तिच्याजवळचे तिन्ही शब्द पुन्हा पहिल्यापासून वापरले. शेवटी त्यांनी ड्रायव्हरला फोन लावला, हिच्यासमोरच त्याला झापलं आणि हिला नमस्कार केला. सोमवारपासून बस फाटकाच्या अलीकडे थांबायला लागली.

वर्गात टाळ्या पडल्या. मी विचारलं, पण ते काय काय म्हणाले, काही आठवतं? तिला ‘मंडे’ आठवत होता, आणि ‘ऑलरेडी’. ‘ऑलरेडी’ पुष्कळदा आला होता, म्हणाली. मला जरा शंका आली, पण मी बोलले नाही. तिचा विजय होता, मी कशाला त्यात व्याकरण काढू?

शंका तिची तिनेच सोडवली. पुढच्या आठवड्यात ती आभार मानायला गेली, शिऱ्याचा डबा घेऊन. या वेळी दोघंही मराठीत बोलले. तेव्हा कळलं की बस सोमवारपासून अलीकडे आणायचं आधीच ठरलं होतं. त्या दिवशी ते तेच सांगायला तोंड उघडत होते. ही चिडली म्हणून त्यांना वाटलं, बाईंना पटत नाहीये. मग ते समजावत बसले. जितकं समजावलं तितकी बाई जास्त चिडली. म्हणून ड्रायव्हरला फोन. त्या बिचाऱ्या ड्रायव्हरला तर काहीच कळलं नसेल.

तिला वाईट वाटलं असेल, असं मला वाटलं. तसं काही दिसलं नाही. ती वहीवर पेन टेकवून म्हणाली, “म्हणजे त्या माणसाने मला अर्धा तास इंग्रजीत समजावलं. मराठीत त्याने मला अर्धं मिनिट दिलं नव्हतं.” मग म्हणाली, “पण मॅडम, आता मला दुसऱ्याचं ऐकायला शिकवा. हे असं एकदा जमतं.”

त्याच सुमाराला आमच्या घरात ती गोष्ट घडली. कुठलाही खास दिवस नव्हता. दुपारचं जेवण चाललेलं. ह्यांनी आमटीचा पहिला घास घेतला आणि नेहमीचा शब्द टाकला. मी भात वाढत होते. माझ्या तोंडून आपोआप, अगदी फळ्यावरून वाचल्यासारखं निघालं, “ओह, फॉर हेवन्स सेक.”

त्यांचा हात थांबला. इतक्या वर्षांत त्या शब्दाला उत्तर आलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग आमटीकडे.

“हे तुला कोणी शिकवलं?”

“मीच शिकवते.”

त्यांनी भात कालवला. जेवून उठले, ताट उचलून ठेवलं आणि आत गेले. त्या दिवशी संध्याकाळी टीव्ही लागला, बातम्या झाल्या, तो शब्द आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. वर्तमानपत्राची पानं नुसती उलटली जात होती. मला आधी बरं वाटलं. मग जरा भीती वाटली. त्यांचा रक्तदाब तपासून घ्यावा का, असाही विचार आला. घर एवढं गप्प असू शकतं हे मला माहीत नव्हतं. फ्रीज किती आवाज करतो ते मी त्या दोन दिवसांत पहिल्यांदा ऐकलं.

तिसऱ्या दिवशी चहा पिताना ते म्हणाले, मला एक सांगायचंय. आणि मराठीत बोलायला लागले. म्हणजे आम्ही मराठीतच बोलतो, पण त्यांना चिडायला मराठी लागत नसे, त्यामुळे त्यांनाही ते अवघड जात होतं. ते म्हणाले, तुझा वर्ग चालतो तेव्हा मला तास-दीड तास त्या खोलीत बसून राहावं लागतं. बाथरूम हॉलच्या पलीकडे. पाच बायकांमधून लुंगीवर कसा जाऊ? म्हणून मी जेवताना पाणी पीत नाही. म्हणून मला घास लागतो. म्हणून मी आमटी पातळ कर म्हणतो.

मी म्हटलं, तुम्ही आमटी पातळ कर असं कधी म्हणालात?

ते म्हणाले, रोज म्हणतो.

मी आठवून बघितलं. वर्ग सुरू झाल्यापासून जेवताना रोज नॉनसेन्स म्हणत होते हे खरं होतं. मी समजत होते, ते टीव्हीला म्हणताहेत.

मला हसू आलं आणि ते दाबावं लागलं, कारण समोरचा माणूस खरोखर कष्टी झाला होता. एवढा मोठा, दिवसभर नॉनसेन्स म्हणणारा माणूस तहानलेला बसून होता, आणि आम्ही बाहेर चिडण्याची प्रॅक्टिस करत होतो. मी म्हटलं, अहो, हे सरळ सांगायचं ना. ते म्हणाले, सरळ सांगायचं म्हणजे कुरकुर केल्यासारखं होतं.

मी आधी एक उपाय करून पाहिला. खुर्च्या गॅलरीकडे सरकवल्या आणि हॉलमधून जायची वाट मोकळी ठेवली. ह्यांनी पँट घातली आणि मोठ्या धीराने बाहेर पाऊल टाकलं. पाचही जणी एकदम उभ्या राहिल्या आणि एका सुरात ‘गुड आफ्टरनून, सर’ म्हणाल्या. ते मीच शिकवलं होतं. ह्यांनी गुड आफ्टरनून म्हटलं, आणि तिथूनच परत खोलीत गेले.

मग वर्ग वरच्या आजींकडे हलवला. त्यांचा हॉल रिकामाच असतो. फळा वर नेताना जिन्यात त्याचा एक कोपरा तुटला, एवढंच नुकसान. आता दुपारी आमचा हॉल ह्यांचा असतो. दार उघडं ठेवून, पाय पसरून, तांब्या उशाशी घेऊन झोपतात.

वर्गाचंही रूप बदललं. चिडायचे शब्द संपले. खरं तर बायकांना ते पुरे झाले होते, एकेकीला एकच लागतो. आता आम्ही शाळेतून, बँकेतून, सोसायटीतून मोबाइलवर येणारे निरोप वाचतो. दिव्याचीने परवा मुलीच्या शाळेचा निरोप आणला. त्यात ओळीओळीला ‘काइंडली’. काइंडली नोट, काइंडली एन्शुअर, काइंडली डू नॉट. तिने विचारलं, मॅडम, काइंड म्हणजे प्रेमळ ना? मग एवढ्या प्रेमाने यांना काय पाहिजे? मी म्हटलं, शाळा चिडली की असं लिहिते. तिने सगळा निरोप पुन्हा वाचला, या वेळी डोळे बारीक करून, आणि एकेका ‘काइंडली’खाली रेघ ओढली. मग एमआयडीसीतल्या बाईंनी त्यांच्या सोसायटीची नोटीस काढली, त्यातही सात-आठ निघाले.

सासूला अजून काही कळलेलं नाही. उलट मागच्या महिन्यात गावाहून नणंद आली, तर सासूने सुनेला सगळ्यांसमोर ते इंग्रजीतलं देवाचं नाव घ्यायला लावलं. दिव्याची म्हणाली, पाहुण्यांपुढे हात जोडून, शांत आवाजात म्हणताना फार जड गेलं, मॅडम. चिडल्याशिवाय तो शब्द तोंडात बसतच नाही.

परवा त्या ‘काइंडली’च्या तासानंतर मी खाली आले तेव्हा हे उठलेले होते. चहाही त्यांनीच टाकला होता. हे हल्लीच सुरू झालंय, त्याचं कारण मी विचारलेलं नाही. आज काय शिकवलंस, म्हणाले. मी ‘काइंडली’चं सांगितलं. कंपनीतून लोकांना पत्रं लिहिण्यात त्यांची निम्मी नोकरी गेली होती.

“मी प्रत्येक पत्रात लिहायचो,” म्हणाले.

मी म्हटलं, मग तुम्ही तेव्हा चिडलेले असायचात का?

ते म्हणाले, आठवत नाही. बहुतेक असेन. मग चहाचा घोट घेऊन म्हणाले, आज साखर जरा जास्त झाली माझ्याकडून.

झाली होती खरी. मी त्यात थोडं दूध घातलं आणि दोघांनी तो संपवला.